एका खोलीत दोन झेंडे

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी लावलेल्या बेअब्रूच्या खटल्यात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलैतला. आगरकर नऊ दिवसांनी मोठे. डोंगरीच्या तुरुंगात दोघे एकत्र होते आणि रात्र रात्र वाद घालत होते. देशाचे दैन्य कशाने जाईल, आधी स्वराज्य की आधी समाजाची दुरुस्ती, शाळा कशी चालवावी, पैसा कुठून आणावा. आवाज इतके चढत की पहारेकऱ्यांना येऊन गप्प बसवावे लागे. शिक्षेत सूट मिळून ते १०१ दिवसांनी सुटले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात कडवटपणाचा लवलेश नाही. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याशीच बोलण्यात आपला तुरुंगवास सुसह्य झाला, हे त्यातून स्पष्ट कळते.

या खटल्यात आणखी एक माणूस आहे. त्याच्याविषयी मराठी वाचकाने अधिक बोलायला हवे. टिळक-आगरकरांचे ज्येष्ठ सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'तून जोतीराव फुल्यांवर बोचरी, हिणकस म्हणावी इतकी टीका केली होती. 'केसरी' ज्या वर्तुळातून निघत होता त्या वर्तुळाशी फुल्यांचे मूलभूत वैर होते, आणि त्याला सबळ कारणे होती. तरीही या दोघा तरुणांना जामिनाची गरज पडली तेव्हा फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांना पुढे केले आणि जामीन उभा राहिला. एका संस्थानातल्या तरुण छत्रपतीवर अन्याय होतो आहे असे वाटून ही मुले लिहीत होती, एवढे फुल्यांना पुरेसे होते. त्यांच्या बाकीच्या मतांचा हिशेब त्यांनी त्या दिवशी मागितला नाही, आणि नंतर तो सोडूनही दिला नाही. 'सत्यशोधक' टीका तशीच धारदार राहिली.

राजकारणावरून तुटणाऱ्या मैत्रीविषयी आज सगळेच हळहळतात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून निवडणुकीच्या महिन्यात माणसे बाहेर पडतात, भाऊबीजेला एका ताटाशी बसलेले दोन भाऊ एकमेकांशी फक्त पावसापाण्याचे बोलतात. उपाय म्हणून हमखास सांगितले जाते की राजकारणाचा विषयच काढू नये. हा सल्ला मला पटत नाही. ज्या मैत्रीत माणसाच्या सर्वांत खोल निष्ठेला दाराबाहेर चपलांपाशी थांबावे लागते, ती मैत्री ओळखीपलीकडे फारशी जात नाही. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव नीट पाहिला तर मैत्री मोडते ती मताच्या फरकाने क्वचित. ती मोडते समोरच्याच्या हेतूवर संशय घेतला की. आणि ती टिकते ती दोघांनी मिळून हाती घेतलेल्या एखाद्या कामाने, जे एकट्याला पेलत नाही. टिळक-आगरकरांच्या गोष्टीत या दोन्ही बाबी इतक्या ठळक आहेत की तिथे थोडे थांबायला हवे.

डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली. एक कोकणातला, बऱ्यापैकी खात्यापित्या घरचा, गणित आणि संस्कृतात रमणारा. दुसरा कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, दारिद्र्याशी झगडत शिकलेला, मिल आणि स्पेन्सर वाचून पेटलेला. सरकारी नोकरी न करता आयुष्य शिक्षणाला द्यायचे, हे त्यांचे एकमत. जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आगरकर एम.ए. होऊन त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले आणि 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पाच वर्षांत दोन वर्तमानपत्रे, एक शाळा, एक संस्था, एक कॉलेज. मतभेद तेव्हाही होते. डोंगरीतल्या रात्रींचे ते वाद काही बाहेर पडल्यावर मिटले नव्हते. पण तास घ्यायला मास्तर हवा होता, अंक वेळेवर निघायला हवा होता, आणि हे दोघांवाचून होत नव्हते.

मग हे फाटले कुठे? शाळेतल्या पाठ्यपुस्तकात उत्तर तयार असते: एकाला आधी राजकीय स्वातंत्र्य हवे होते, दुसऱ्याला आधी सामाजिक सुधारणा. हे खरेच आहे, पण हा फरक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. १८८४ नंतर मलबारींच्या टिपणांनी बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आला, रखमाबाईंचा खटला गाजला, आणि मग 'केसरी'त बिनसहीचा अग्रलेख कोणाच्या मताचा, हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न झाला. पत्र सगळ्यांचे, मग आवाज कोणाचा? या प्रश्नाला त्या मंडळींकडे उत्तर नव्हते. १८८७ मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. त्याचा इंग्रजी भाग सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. आता दोघांना दोन पत्रे होती. वाद एका खोलीतून निघून चौकात आला, आणि चौकात ऐकणारे असतात. ऐकणाऱ्यांसाठी बोलणे सुरू झाले की समोरच्यासाठी बोलणे संपते.

पत्रे वेगळी झाली तरी संस्था एकच होती, आणि खरी जखम तिथे झाली. आजीव सदस्याने बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, त्यागाची शपथ किती कडक पाळायची, पगार वाढवावा का, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घ्यावे का. टिळकांचे म्हणणे असे की आपण जेझुइट पाद्र्यांसारखे सर्वस्व वाहून घ्यायचे ठरवले होते, ते आता ढिले पडत आहे. आगरकरांचे म्हणणे असे की संसार असलेल्या माणसाने बावनकशी संन्यासी व्हावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि टिळकांना तत्त्वापेक्षा वर्चस्व हवे आहे. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला आज वाचताना रास्त वाटतात. पण भाषा बदलली होती. 'तुझे म्हणणे चूक आहे' या जागी 'तू हे म्हणतोस कारण तुला अमुक हवे आहे' आले. बालविवाहावर, वेदांवर, विधवांच्या केशवपनावर वाद घालून जे तुटले नव्हते ते या एका वाक्याने तुटले. १८९० च्या अखेरीस टिळकांनी आपल्या बाजूची लांबलचक कैफियत लिहून राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा आला आणि पुण्यातले वातावरण इतके तापले की सनातनी मंडळींनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. ती टिळकांनी काढवली असे कोणी म्हणत नाही. पण ज्या गर्दीला त्यांचे पत्र सतत बळ देत होते तीच ही गर्दी होती, हे विसरता येत नाही.

१७ जून १८९५ रोजी दम्याने खंगलेले आगरकर वारले. चाळिशीही गाठली नव्हती. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला; लिहिताना त्यांना अश्रू आवरत नव्हते, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. त्या अश्रूंवर माझा विश्वास आहे. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरू देण्याला टिळकपक्षाने कडाडून विरोध केला आणि रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. आगरकर ज्या कामासाठी झिजले त्या कामाला मांडवात जागा मिळाली नाही, आणि मृत्युलेखाला अजून सहा महिनेच झाले होते.

पुण्याच्या सार्वजनिक जीवनात हे पुन्हा पुन्हा दिसते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटल्यानंतर टिळक आणि गोखले दोन तटांवर गेले. १९१४ च्या शेवटी समेटाची बोलणी चालू असताना गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना एक खासगी पत्र लिहिले. टिळक काँग्रेसमध्ये परत येऊन काय करू पाहतात, याविषयीचा आपला अंदाज त्यात होता. म्हणजे पुन्हा हेतूच. पत्राचा गौप्यस्फोट झाला, 'केसरी'तून जाब विचारला गेला, समेट फिसकटला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते. ते तातडीने खाली आले आणि स्मशानात गोखल्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. जमावातून टाळ्या पडू लागल्या तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही म्हणून त्यांनी लोकांना थांबवले.

या प्रसंगांना आपण फार मान देतो. मतभेद असूनही मने मोठी होती, असे व्याख्यानातून सांगतो. मन मोठे होतेच. पण मेलेला माणूस उत्तर देत नाही, अंकात जागा मागत नाही, मतदानाला उभा राहत नाही. त्याच्याशी उदार होणे तुलनेने सोपे. जिवंत विरोधकाच्या लेखाला आपल्या पत्रात जागा देणे अवघड, आणि त्या परीक्षेत आपली सगळ्यात मोठी माणसेही उतरली नाहीत.

म्हणून आता पुण्यातून निघून परळ-लालबागला यावे लागते. तिथली माणसे चरित्रात आली नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी रोज जगून सोडवला होता.

गिरणगावात 'गावकीची खोली' नावाची गोष्ट होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्याच्या एकेका गावातले पुरुष मिळून चाळीत एक खोली धरत. भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर कपडे, वळकट्या. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा झोपे. जेवण खानावळीत, नाहीतर पाळीपाळीने रांधून. महिन्याला गावी मनीऑर्डर. या खोलीत झेंडे दोन काय, तीनही असत. गिरणी कामगार युनियन १९२८ ची, डांग्यांची, लाल बावट्याची. तिचे ऑफिस परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये. मान्यता मात्र काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. १९६६ नंतर गल्लीच्या तोंडाशी शिवसेनेची शाखा आली. गिरणगावच्या मौखिक इतिहासात कामगार स्वतः सांगतात की गिरणीत लाल बावटा आणि वस्तीत सेना, असा एकच माणूस दोन्हीकडे असे. बोनसचा प्रश्न निघाला की कम्युनिस्ट नेता हवा, पोराच्या नोकरीचा नि नळाच्या पाण्याचा निघाला की शाखाप्रमुख हवा. एकाच खोलीतले दोघे प्रचाराला वेगवेगळ्या बाजूला जात आणि रात्री परत येऊन एकाच पातेल्यातले खात. कारण भाडे वाटून होते, गावच्या देवळाची वर्गणी वाटून होती, आणि एकजण आजारी पडला तर त्याला केईएममध्ये नेणारा दुसराच होता.

मी हे गोड करून सांगत नाही. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याबद्दल शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या. त्या हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. कृष्णा देसाई त्याच चाळींतले होते, मारेकरीही त्याच परिसरातले. एका पातेल्यातले खाणाऱ्या वस्तीत सुरा निघाला, याचा विसर पडू देता कामा नये.

आणि १९८४ मध्ये शिवसेनेच्या अधिवेशनात पाहुणे म्हणून व्यासपीठावर आले कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. बाळासाहेब ठाकरे आणि डांगे एका व्यासपीठावर. त्या सभेचे वर्णन करताना पत्रकार महाराष्ट्राच्या राजकीय सौजन्याचे दाखले देतात. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेवर गेल्या तेव्हा ठाकऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही, हाही दाखला सोबत येतो. मला मात्र कृष्णा देसाईंच्या घरच्यांना त्या व्यासपीठाकडे पाहून काय वाटले असेल, हा विचार टाळता येत नाही. वरच्या मजल्यावरची मैत्री स्वस्त असते, कारण तिची किंमत खालच्या मजल्यावर दिली गेलेली असते. साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल वेगवेगळी आणि सोयरीक मात्र एका घरात, हे पश्चिम महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. व्याही म्हणून ते एकमेकांच्या लग्नात मानाचा फेटा बांधतात. त्यांच्यासाठी भांडलेले दोन गावकरी मात्र बांधाच्या खटल्यात कोर्टाची पायरी चढत राहतात. याला मैत्री म्हणायला माझी हरकत नाही, पण आदर्श म्हणून ती पुढे ठेवू नये.

आदर्श म्हणून मी बायकांचे एक काम पुढे ठेवीन. १९४२ पासून समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात विस्तव जात नव्हता. चळवळ फोडल्याचा आरोप एकीकडून, संधिसाधूपणाचा दुसरीकडून. संयुक्त महाराष्ट्र समितीने या दोघांना, शेकापला, रिपब्लिकनांना आणि जनसंघालाही एका छत्राखाली आणले, पण राज्य मिळताच ते छत्र मिटले. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष आतूनच फुटला आणि कालचे सोबती एकमेकांना गद्दार म्हणू लागले. अशा काळात, १९७२ च्या दुष्काळात, मुंबईत महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट. पक्षांच्या बैठकीत या तिघींचे पक्ष एकमेकांविरुद्ध ठराव करत होते. रस्त्यावर या तिघी हातात लाटणे घेऊन हजारो बायकांच्या पुढे चालत होत्या.

रॉकेल, गोडेतेल, साखर, रेशनचे धान्य. विषय इतका रोकडा होता की कोणाचा हेतू काय याला जागा उरली नाही. गोडाऊनमध्ये डबे आहेत की नाहीत, हे दार उघडून पाहता येत होते. थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. या कामातून जो विश्वास बसला तो पुढे आणीबाणीत उपयोगी पडला, आणि १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई उत्तर मुंबईतून, अहिल्याताई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेत गेल्या. मार्क्सवर, हंगेरीवर, ४२ च्या चळवळीवर त्यांचे कधी एकमत झाले नाही. ते व्हावे असा आग्रहही कोणी धरलेला दिसत नाही. माझ्या मते त्यांच्या मैत्रीचे बळ इथे आहे. प्रत्येकीला माहीत होते की दुसरी पहाटे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसाठी आली आहे. एकदा एवढे माहीत झाले की बाकीची भांडणे मोकळ्या मनाने करता येतात.

तुरुंगाने अशी जवळीक आणखीही केली, आणि तिचा शेवट वेगळा झाला. १९७५ च्या आणीबाणीत येरवड्याला संघाचे स्वयंसेवक आणि राष्ट्र सेवा दलाचे समाजवादी एकत्र आले. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथेच होते. लहानपणापासून एकाच गावात दोन मैदानांवर वाढलेली ही माणसे: एकीकडे भगवा ध्वज आणि प्रार्थना, दुसरीकडे सेवा दलाची गाणी आणि लेझीम. त्यांनी आयुष्यभर एकमेकांना दुरूनच पाहिले होते. आता एका बराकीत जेवण, व्यायाम, आजारपण, घरची पत्रे. त्या दिवसांतून निघालेले अनेक स्नेह शेवटपर्यंत टिकले. पण त्यावर बांधलेला जनता पक्ष दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वाच्या प्रश्नावर फुटला. जनसंघातून आलेल्यांनी संघाशी नाते ठेवावे का, हा प्रश्न मधू लिमयांनी लावून धरला आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार पडले. लिमयांना आजही दोष देणारे आहेत. मला वाटते, तो प्रश्न खराच होता आणि तो पक्ष बांधण्याआधी, येरवड्यातच, एकमेकांच्या तोंडावर विचारून संपवायला हवा होता. स्नेहापोटी गिळलेला प्रश्न पुढे सरकार गिळतो.

आता जे सांगायचे ते या सगळ्याहून अवघड आहे. सगळे मतभेद एका जातीचे नसतात.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद जिल्ह्यांतल्या गावागावांत दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव होते. निजामाविरुद्ध जिवावर उदार होऊन लढलेली ही माणसे, ज्यांच्या त्यागाविषयी शंका घेणे पाप ठरावे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मराठवाड्याच्या अस्मितेचा होता. नामांतराच्या बाजूने एस. एम. जोशी होते, बापू काळदाते होते. म्हणजे त्याच चळवळींतले, त्याच पंगतीतले मित्र. या मित्रांतला दुरावा किती खोल गेला हे त्या पिढीच्या आठवणींत जागोजागी दिसते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर पंधराहून अधिक वर्षे उलटली होती.

इथे माझी 'हेतूवर शंका नको' ही कसोटी पुरी पडते का? श्रॉफ आणि भालेराव यांच्या हेतूवर शंका घ्यायची नाही असे ठरवले, तरी ज्याचे घर जळाले त्याच्यासाठी तो चर्चेचा विषय नव्हता. सवर्ण मित्राला विद्यापीठाच्या नावाबद्दल मत असू शकते; दलित मित्राचे त्यात गावात राहणे असते. दोघांनी समोरासमोर बसून शांतपणे बोलावे हे म्हणताना, एकजण खुर्चीवर बसला आहे आणि दुसऱ्याला अंगणातच उभे केले आहे, हे डोळ्याआड करता येत नाही. अशा वेळी मैत्री राखण्याचे काम दोघांचे सारखे नसते. ज्याचे काही जात नाही त्याने आधी उठून यायचे असते. मराठवाड्यात तसे उठून आलेलेही होते. घर, नाते, निवडून येण्याची शक्यता पणाला लावून नामांतराच्या बाजूने सत्याग्रह करणारे सवर्ण तरुण त्या काळात तुरुंगात गेले. दलित मित्रांशी त्यांचे नाते त्यानंतर कधी तपासावे लागले नाही. आणि ज्याला उभे ठेवले आहे त्याने कंटाळून मैत्री सोडली, तर त्याला असहिष्णू म्हणण्याचा हक्क कोणाला पोचत नाही.

त्याच मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणावर १ सप्टेंबर २०२३ रोजी झालेल्या लाठीमारानंतर जालना जिल्ह्यातले अंतरवाली सराटी महाराष्ट्राच्या नकाशावर आले. पुढच्या वर्षी शेजारच्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण सुरू झाले. दोन उपोषणे, दोन मांडव, मध्ये काही किलोमीटरचा रस्ता. लोकसभेच्या निकालानंतर बीड जिल्ह्यातून एकमेकांच्या दुकानात जायचे नाही अशा शपथांच्या बातम्या आल्या. सगळ्यात वाईट मला ते वाटले. दुकान म्हणजे उधारी, बियाणे, सलूनमधली गप्पांची बाकडी, चहाची टपरी. दोन्ही मांडवांतल्या शेतकऱ्याचे सोयाबीन एकाच भावाने पडते आणि दोघांची मुले एकाच अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करतात. आरक्षणाच्या वाटपावर त्यांचे हितसंबंध खरोखर परस्परविरोधी आहेत. ते नाहीत असे गोड बोलून भागणार नाही. पण सोयाबीनच्या भावावर ते एक आहेत, आणि त्या भावासाठी दोघांनी मिळून बाजार समितीत जायचे की नाही, हे दुकानावरच्या बहिष्काराने ठरून जाते.

माझा एक मित्र आहे. आम्ही एका गल्लीत वाढलो. तो शाखेत जात असे, मी सेवा दलात. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आम्ही बोलायचे थांबलो होतो. मुंबई जळत होती आणि आमच्यात सांगण्यासारखे काही उरले नव्हते. आम्हाला परत एकत्र आणले ते गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने. कार्यकारी मंडळात तोही होता, मीही. इमारतीचे छत गळत होते, अनुदान अडले होते, ग्रंथपालांचा पगार थकला होता. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायला दोघे लागत. एकाला साहेब ओळखत, दुसऱ्याला साहेबांचे कारकून. एसटीच्या त्या प्रवासांत आम्ही अयोध्येवरही बोललो. तो बदलला नाही, मीही नाही. पण एकदा मी त्याच्या बोलण्यामागचे कारण सांगायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, मी असं का म्हणतो ते मला माहीत आहे. मी म्हणतो ते खरं की खोटं, तेवढं सांग." तेव्हापासून हे वाक्य आमच्यात नियमासारखे चालते. दुसरा नियम असा की फोनवर किंवा समोरासमोर भांडायचे, ग्रुपवर नाही. तिथे ऐकणारे असतात. काही विषयांवर मी त्याला स्पष्ट सांगितले आहे की आपल्या गावच्या मोहल्ल्यातल्या सभासदांना वाचनालयात यायला संकोच वाटेल असे काही झाले, तर मी मंडळावर राहणार नाही. त्याने ते मान्य केले आहे, आणि एका बैठकीत माझ्या आधी तोच बोलला.

दर दिवाळीला सभासदांसाठी दिवाळी अंक घ्यायचे असतात. १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची ही परंपरा आमच्या वाचनालयात घरटी वर्गणी भरून चालते आणि यादीवरून दर वर्षी वाद होतो. त्याला 'विवेक' हवा, मला 'साधना'. दोन्ही येतात, पण तिसऱ्या प्रतीचे पैसे कोणाच्या बाजूला जायचे यावर भांडण असते. या लेखाचे कच्चे पान मी त्याला वाचायला दिले. येरवड्याविषयीचा परिच्छेद एकांगी आहे, मधू लिमयांना मी फुकट सोडले आहे, आणि शाखेत जाणाऱ्या मुलांना मी 'दुरूनच पाहिले' म्हणतो ते माझ्यापुरतेच खरे आहे, असे त्याचे म्हणणे. परिच्छेद मी बदललेला नाही. त्याने उत्तर लिहायला घेतले आहे, आणि ते पुढच्या वर्षीच्या अंकात याच जागी, एक शब्दही न कापता छापावे, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.